मोहिमेचा चाकू

पन्हाळा-पावनखिंड पदभ्रमणाला चाकू कोणता न्यावा? वारणानगरच्या शिक्षकांनी आधी ऊसतोडीचा कोयता पाहावा. लोहार तो बहुधा ट्रकच्या जुन्या पाट्यापासून घडवतो. लालभडक पाते एकदम बुडवले की पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून ते घासून पुन्हा बेताने तापवतात. सुमारे २३० अंश सेल्सियसला गवती पिवळा रंग उमटतो, २९०च्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबले तर धार टिकते, निळ्यावर चिवटपणा वाढतो. रंग हाच तापमापक! असे पाते साध्या दगडावर धार घेते, मात्र पावसात गंजते. स्टेनलेसमधील क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर गंज रोखतो. मुलांसोबत दुमडता चाकू नको. खटका नसेल तर तो जोर लावताच बोटांवर मिटतो. पात्याचे शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेलेले आहे ना, तेवढे दुकानातच पाहून घ्या.