बंद न पडणाऱ्या मॅक्रोपासून सावध

कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमधून सुट्या भागांची यादी एक्सेलमध्ये उतरवणारा मॅक्रो नवी आवृत्ती बसवताच अडला, तर आधी ‘रेफरन्सेस’ची यादी पाहावी. तेथे ‘मिसिंग’ दिसल्यास ती खूण काढून नव्या आवृत्तीची लायब्ररी निवडावी. बहुधा काम भागते. अडणारा मॅक्रो निदान प्रामाणिक म्हणायचा! खरा धोका ‘ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट’ या ओळीचा. ती चूक गिळून पुढे सरकते. एखाद्या ब्लॉकला ॲट्रिब्यूटच नसेल, तर मागच्या ब्लॉकचा आकडा त्याच्या नावापुढे बसू शकतो आणि फाउंड्रीकडे चुकीच्या नगांची मागणी जाते. ती ओळ तात्पुरती काढून एफ८ कळीने मॅक्रो ओळीओळीने चालवावा. ज्या ब्लॉकवर तो थांबेल, तोच ड्रॉइंगमध्ये तपासावा.