विस्थापन आणि वार्धक्यातील नैराश्य : पळसदेवच्या संदर्भात

प्रस्तावना :
भीमा नदीवरील उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयात इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव बुडाले व गाव नव्या जागी वसले. पाणी फार खालावले की जुने पळसनाथ मंदिर आजही उघडे पडते. त्या काळी पंचविशीत असलेली पिढी आता सत्तरीत आहे. अशा विस्थापित वृद्धांच्या मानसिक आरोग्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विस्थापनाचे परिणाम :
समाजशास्त्रज्ञ मायकेल सेर्निया यांनी विस्थापनाचे आठ धोके सांगितले आहेत. भूमिहीनता व बेरोजगारी यांबरोबरच वाढती रुग्णता आणि सामाजिक विघटन यांचाही त्यांत समावेश होतो. जमिनीचे मोल ठरविता येते. परंतु शेजार, भावकी व नदीकाठ यांच्याशी जडलेले नाते मोबदल्याच्या हिशेबात येत नाही. तरुणपणी संसार उभारण्याच्या धडपडीत हे दुःख मागे पडते. उतारवयात जोडीदाराचा मृत्यू, मुलांचे शहरात जाणे व शारीरिक परावलंबन यांमुळे ते पुन्हा वर येऊ शकते.

लक्षणांचे स्वरूप :
दोन आठवडे वा अधिक काळ टिकणारी उदासी, कशातही रस न वाटणे, झोप व भूक कमी होणे ही नैराश्याची प्रमुख लक्षणे होत. तथापि अनेक वृद्ध मनाऐवजी शरीराची तक्रार सांगतात : अंग दुखते, छातीत धडधडते, अन्न गोड लागत नाही. हा अनुभव सार्वत्रिक आहे. कोरियन समाजात दाबून ठेवलेल्या संतापातून जडणाऱ्या ‘ह्वाब्योंग’ या विकारातही छातीवरील दडपण व अंगाची आग या तक्रारी आढळतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या कोरियन वृद्धांतही तो दिसतो. अशा तक्रारींना ‘वयोमानाचा भाग’ मानल्यास मूळ आजार उपचाराविना राहतो.

उपाययोजना :
वृद्धांसाठी तयार केलेल्या नैराश्य मापन श्रेणीच्या संक्षिप्त रूपात ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे असलेले केवळ 15 प्रश्न आहेत. निरक्षर व्यक्तीस ते वाचून दाखविता येतात. त्यातून निदान होत नाही, मात्र डॉक्टरांकडे कोणास पाठवावे हे कळते. थायरॉइडचे विकार किंवा ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांचीही तपासणी आवश्यक असते. 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

समारोप :
नैराश्य हा वार्धक्याचा अटळ भाग नसून उपचारांनी बरा होऊ शकणारा आजार आहे. पुनर्वसनाची जबाबदारी भूखंडवाटपाने संपत नाही. विस्थापित वृद्धांची वेळीच विचारपूस व तपासणी होणे, हाही पुनर्वसनाचाच भाग मानला पाहिजे.