बिननाकाचा ट्रक आणि आपली ट्रॉली

गेल्या उन्हाळ्यात मातीचे नमुने घेण्यासाठी एका गावी गेलो होतो. काम आटोपून बांधावरच्या कडुलिंबाखाली बसलो, तर शेजारी एक जुना ट्रक उभा. त्याला नाक नव्हते. म्हणजे इंजिनाचे बोनेट पुढे आलेले नव्हते. केबिनच इंजिनावर बसवलेली होती. चाकांत हवा नव्हती, आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती.

घरचा थोरला मुलगा आय.टी.आय. झालेला, वेल्डिंगमध्ये हात चांगला. त्याने मोबाईलवर मला एक फोटो दाखवला. अमेरिकेतला असाच एक जुना ट्रक, रंगवून चकचकीत केलेला, आणि त्याच्या लांब लोखंडी हौद्यावर एक मोटार चढवलेली. तो म्हणाला, "साहेब, आजोबांच्या ट्रकाचा असाच गाडा करायचा म्हणतो. पॉवर टिलर, मळणी यंत्र, लहान ट्रॅक्टर वाहायचे. गावोगावचं भाडं मिळेल. दोन लाखांत होईल."

चहा घेऊन आलेली त्याची आई तिथेच थांबली. "भाऊ, दोन लाख म्हणजे औंदाच्या कांद्याचे सगळे पैसे. लेकीचं लग्न तोंडावर आहे. तुम्हीच काय ते सांगा."

हो किंवा नाही असे एका शब्दात सांगण्याजोगे हे काम नव्हते. मी आठ दिवसांची मुदत मागितली. त्या आठ दिवसांत जे वाचले, तपासले आणि मग त्या घरी सांगितले, तेच येथे देत आहे. कारण असा एखादा ट्रक, जुनी जीप किंवा मोडकी ट्रॉली बहुतेक गावांत उभी असते, आणि तिच्याकडे पाहून असाच विचार करणारा मुलगाही असतो.

नाक कशामुळे गेले?

अमेरिकेत पूर्वी ट्रक किती लांब असावा, याचे नियम राज्याराज्यांचे वेगळे होते. एकूण लांबी ठरलेली असली की नाकाला गेलेली जागा मालाच्या जागेतून वजा होते. म्हणून ड्रायव्हरला इंजिनाच्या मागे बसवण्याऐवजी वर बसवण्याची युक्ति निघाली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस शेवरोले आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांचे असे ट्रक तिकडच्या रस्त्यांवर आले. सुरुवातीच्या गाड्यांची केबिन पक्की बसवलेली असे, त्यामुळे इंजिन दुरुस्त करणे म्हणजे मोठा खटाटोप. १९४९ मध्ये व्हाइट कंपनीने पुढे कलणारी केबिन आणली. फोर्डचा 'सी' जातीचा कलत्या केबिनचा ट्रक तर १९५७ पासून १९९० पर्यंत जवळपास त्याच चेहऱ्याने निघत राहिला.

मग १९८२ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने कायदा केला, आणि मुख्य महामार्गांवर ट्रॅक्टर व ट्रेलर मिळून एकूण लांबीवर बंधन घालण्याचा राज्यांचा अधिकार गेला. नाक कापण्याची गरज संपली, आणि नाकवाले ट्रक परत आले. युरोप, जपान आणि आपल्या देशात मात्र उलट घडले. आज आपल्या रस्त्यांवरचे बहुतेक मोठे ट्रक बिननाकाचेच आहेत.

या रचनेचे गुण उघड आहेत. तेवढ्याच लांबीत हौदा मोठा मिळतो, गाडी कमी जागेत वळते, समोरचा रस्ता जवळून दिसतो. दोषही तितकेच उघड आहेत. ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो, म्हणून हादरे जास्त. इंजिनाची उष्णता आणि आवाज पायाखालीच. आणि समोरून धडक बसली तर मध्ये नाकाचा आडोसा नाही.

तिकडे गाडा कसा बांधतात?

अमेरिकेतील शेतकऱ्यांनी हे जुने ट्रक धान्य आणि गुरे वाहण्यासाठी वापरले, आणि थकल्यावर शेताच्या कडेला झाडांच्या रांगेत उभे करून ठेवले. आज हौशी लोक ते शोधून काढतात. उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने पत्रा खालून कुजतो. म्हणून पश्चिमेच्या कोरड्या भागातील केबिनला मागणी जास्त.

आता नीट लक्ष द्या. मोबाईलवरच्या फोटोत जुना ट्रक दिसतो, पण बहुतेक वेळा जुनी असते ती फक्त केबिन. १९४०च्या दशकातील शेवरोलेच्या अशा ट्रकाचे इंजिन सुमारे ९० अश्वशक्तीचे, आणि वीज सहा व्होल्टची. आजच्या वेगाला आणि वजनाला ते पुरत नाही. म्हणून एखादी अलीकडची, मागे चार टायर असलेली मजबूत गाडी घेतात, तिचा वरचा भाग उतरवतात, आणि तिच्या चासीवर जुनी केबिन बसवतात. इंजिन, गिअरपेटी, ॲक्सल, ब्रेक सगळे नव्या गाडीचे. कमिन्सचे सहा सिलिंडरचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन या कामासाठी तिकडे लोकप्रिय आहे. त्याच घराण्याची इंजिने आपल्याकडे टाटा कमिन्स जमशेदपूरला करते, आणि तिचा एक कारखाना आपल्या फलटणलाही आहे.

केबिन उचलून ठेवली की काम झाले, असे मात्र नाही. खरे काम तेथून सुरू होते.

पहिले, मोजमाप. बिननाकाच्या केबिनमध्ये पुढचे चाक जवळजवळ ड्रायव्हरच्या खाली येते. नव्या चासीवर ते तिथे आणण्यासाठी केबिन पुढे आणि वर घ्यावी लागते. मग तळ कापून इंजिनाला जागा करायची, आणि त्यावर उष्णता रोखणारे झाकण बसवायचे.

दुसरे, स्टिअरिंग. जुन्या ट्रकाचा दांडा जवळपास उभा असतो. तो नव्या स्टिअरिंगपेटीला जोडण्यासाठी सांधे लागतात. हा सांधा तुटला तर गाडी कोणाच्याच हातात राहत नाही. म्हणून येथे घरगुती वेल्डिंग चालत नाही; या कामासाठीच बनवलेले सांधे घेतात.

तिसरे, चासी. ट्रकाच्या चासीचे पोलाद पुष्कळदा खास तापवून कणखर केलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ते त्या जागी कमजोर होते, आणि चीर पडते ती तिथूनच. म्हणून चासीच्या वरच्या व खालच्या पट्टीला वेल्डिंग करायचे नाही, भोकही पाडायचे नाही. हौदा यू-बोल्टने आवळतात किंवा चासीच्या उभ्या बाजूला बोल्टने धरतात.

चौथे, हौदा आणि रॅम्प. हौद्याची उंची ९० सेंटिमीटर आणि रॅम्पची लांबी १८० सेंटिमीटर असेल, तर चढ ३० अंशांचा होतो. त्यावर ट्रॅक्टर चढवताना तो मागे उलटण्याची भीती असते. तोच रॅम्प ३६० सेंटिमीटरचा केला तर चढ साडेचौदा अंशांवर येतो. चांगले गाडे म्हणूनच एवढे लांब दिसतात.

वजनाचा तराजू

वरच्या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे वजन कुठे पडते. हिशेब सोपा आहे, घरच्या मुलांकडून करून घ्यावा.

पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर ४ मीटर धरा, आणि माल ३ टन. मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या अर्धा मीटर पुढे असेल, तर ३,००० किलोपैकी ३७५ किलो पुढच्या चाकांवर आणि २,६२५ किलो मागच्या चाकांवर पडते. हे ठीक आहे. आता तोच माल एक मीटर मागे सरकवा; मध्य ॲक्सलच्या अर्धा मीटर मागे गेला. मागच्या चाकांवर ३,३७५ किलो, आणि पुढची चाके उलट ३७५ किलोने हलकी झाली. माल तोच, गाडी तीच, पण स्टिअरिंग हलके पडले. वळणावर चाक वळते आणि गाडी सरळ जाते.

दोन चाकी ट्रॉलीलाही हाच नियम लागू आहे. माल फार मागे भरला तर ट्रॉली ट्रॅक्टरचा हूक वर उचलते, आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते.

माझ्याच घरची चूक

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या चुलत भावाने भंगारातला ट्रकचा मागचा ॲक्सल आणून गावच्या वर्कशॉपमध्ये ट्रॉली करून घेतली. त्याने मला विचारले होते. मी कृषी पदवीधर, त्यामुळे माझ्या शब्दाला घरात वजन. मी किंमत पाहिली, पाटे पाहिले, टायर पाहिले आणि "घे करून" म्हणालो. त्या ॲक्सलचे ब्रेक काढून टाकले होते, ते मी विचारलेच नाही.

ऊस भरून ओढ्याच्या उतारावर आल्यावर त्याने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबू पाहत होता, ट्रॉली थांबत नव्हती. तिने ट्रॅक्टरला मागून रेटले आणि आडवा फिरवला. भाऊ वाचला, पण त्याचा डावा पाय आजही नीट टेकत नाही. तो मला कधी बोलला नाही. वहिनी मात्र एकदा म्हणाली होती, "भाऊजी, तुम्ही एकदा खाली वाकून बघितलं असतं तर?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या ब्रेकने दहा टन थांबवायचे, हा व्यवहारच चुकीचा आहे. त्यातच वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. २० किलोमीटरच्या वेगाने पाच मीटरवर थांबणारी गाडी ४० च्या वेगाने वीस मीटर घेते, आणि ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकात कारखान्याने दिलेला जो तपशील असतो, त्यात फरक पडेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. कायद्यात दिलेले अपवाद सोडले तर मूळ नमुन्यापासून फारकत चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे एका गाडीची केबिन दुसऱ्या गाडीच्या चासीवर चढवून भाड्याने चालवणे आपल्याकडे बसत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. जादा वजनाला २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये दंड, आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये ठेवले आहेत. पन्नास वर्षांवरील जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये वेगळी नोंदणी आली, पण तीही भाड्याच्या धंद्यासाठी नाही.

अमेरिकेतही असा गाडा बांधणारा पैसे वाचवण्यासाठी बांधत नाही. तो हौसेसाठी बांधतो, आणि आपली जुनी मोटार त्यावर घालून जत्रेला नेतो. आपल्या घरी तो बांधायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

शेवटी काय ठरले?

मुलाने माझ्यासमोर वही घेऊन यादी केली. सहा टायर, पाटे, ब्रेकचा संपूर्ण संच, वायरिंग, रेडिएटर, हौद्याचे लोखंड. यादी इंजिनापर्यंत पोहोचण्याआधीच दोन लाखांचा आकडा मागे पडला. पोराने वही मिटली. त्याचा चेहरा उतरला, ते पाहून मलाही वाईट वाटले. हात चालणाऱ्या मुलाला नुसते "नको" म्हणून घरी बसवणे बरे नव्हे. म्हणून त्याला दुसरी कामे सुचवली.

ट्रकाची नोंदणी परिवहन कार्यालयात अर्ज करून रद्द केली. मग हौद्याचे लोखंड कापून मुलाने खळ्याशेजारी माल आणि जनावरे चढवण्यासाठी पक्का उतरता धक्का बांधला. जागेवर उभ्या राहणाऱ्या धक्क्याला परवाना लागत नाही. केबिन मळ्याच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवली; रात्रीच्या राखणीला आता पावसात भिजावे लागत नाही. आणि घरच्या ट्रॉलीला तिच्या वजनाला साजेसे ब्रेक कंपनीच्या डीलरकडून बसवून घेतले. कांद्याचे पैसे बहुतेक शिल्लक राहिले.

ज्यांना ट्रक ठेवायचाच नाही, त्यांनी तो नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावा. २०२१ च्या धोरणाप्रमाणे तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नवे मालवाहू वाहन घेताना राज्ये वाहनकरात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हंगामाआधी एवढे करा. ट्रॉलीखाली स्वतः वाकून ब्रेक आहेत का, ते पाहा. हुकाची पिन आणि साखळी तपासा. मागे लाल, पुढे पांढरी आणि बाजूंना पिवळी चमकती पट्टी लावा. उसाच्या कांड्यांनी ती झाकली जाणार नाही अशा उंचीवर लावा. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. आणि कोणी शिकलेला माणूस "घे करून" म्हणाला, तर त्याने खाली वाकून पाहिले होते का, हे त्याला जरूर विचारा.