गणेशखिंडीतली शिक्षकांची शाळा

नवी मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि बेलपाडा हे गावाचे नाव स्थानकाच्या पाटीवर चढले. त्याआधी खारघरबाहेरच्या माणसाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सिडकोने जमिनी घेतल्या, सेक्टर पाडले, गावाभोवती इमारती उठल्या आणि इमारतींमागोमाग शाळा आल्या. मराठी, इंग्रजी, सीबीएसई, सगळ्या प्रकारच्या. शाळा आल्या म्हणजे शिक्षक आले. बी.एड. होऊन नोकरीला लागलेल्या या माणसांपुढे पाच-सात वर्षांनी एकच प्रश्न उभा राहतो: आता पुढे काय शिकायचे, आणि कुठे?

मुंबई विद्यापीठ आहे, एसएनडीटी आहे. नोकरी करत बी.एड. पुरे करणाऱ्यांना नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बऱ्याच वर्षांपासून परिचयाचे आहे. कळंबोलीला द्रुतगती महामार्ग धरला की पुणेही फार लांब नाही. त्या पुण्यात, गणेशखिंडीत औंध रोडवर, एक ख्रिस्ती विद्यापीठ आहे. पुणेकरांना ते विद्यापीठ म्हणून कमी आणि बेकरी म्हणून जास्त माहीत आहे. ‘स्पायसरचा ब्राऊन ब्रेड’ खाऊन मोठे झालेल्या कित्येकांना आत वर्ग भरतात याचा पत्ता नसतो.

स्पायसर ॲडव्हेंटिस्ट युनिव्हर्सिटीची सुरुवात पुण्यातली नाही. १९१५ मध्ये कोइमतूरला ‘साउथ इंडिया ट्रेनिंग स्कूल’ या नावाने ती निघाली. चर्चच्या कामासाठी आणि चर्चच्या शाळांसाठी माणसे तयार करणे हा हेतू. पुढे ती बंगळूरला गेली आणि १९४२ मध्ये पुण्यात येऊन स्थिरावली. नाव मिळाले विल्यम ॲम्ब्रोज स्पायसर यांचे. हे गृहस्थ १८९८ मध्ये भारतात आले, कलकत्त्यात ‘ओरिएंटल वॉचमन’ या मासिकाचे संपादक होते, आणि पुढे १९२२ ते १९३० सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चचे जागतिक अध्यक्ष झाले.

हा पंथ आकाराने मोठा नाही, पण शाळा काढण्याची त्याची हौस दांडगी. १८६३ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे चर्चची रीतसर स्थापना झाली आणि अकरा वर्षांत तिथेच कॉलेजही उभे राहिले. पंथाच्या एक संस्थापक एलन व्हाइट यांनी १९०३ मध्ये ‘एज्युकेशन’ नावाचे पुस्तक लिहिले. बुद्धी, शरीर आणि आत्मा तिन्ही एकत्र घडले पाहिजेत, म्हणून विद्यार्थ्याने पुस्तकाबरोबर अंगमेहनतीचे कामही केले पाहिजे, हा त्यातला आग्रह. औंध रोडची बेकरी त्या आग्रहातून आलेली आहे. ऐपत नसलेल्या मुलाने आवारात काम करावे आणि ते पैसे फीमध्ये वळते व्हावेत, अशी ही रीत.

मराठी वाचकाला यात परके काहीच वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना महाराष्ट्राच्या अंगवळणी पाडली. पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय त्याच रयतचे. मिशिगनच्या धर्मोपदेशकांची कल्पना आणि साताऱ्याच्या कर्मवीरांची कल्पना एकमेकींना न विचारता एकाच ठिकाणी पोहोचल्या. फरक पडतो तो शुक्रवारी संध्याकाळी. ॲडव्हेंटिस्ट शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतात. त्या वेळात वर्ग नाहीत, परीक्षा नाही, कचेरी नाही. खाणेही शाकाहारी. पनवेलच्या ज्या शिक्षकाला शनिवारची सकाळची शाळा आटोपून पुण्याला जायचा बेत करायचा असेल, त्याने हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

अनेक वर्षे इथल्या पदवीमागे मिशिगनच्याच अँड्र्यूज युनिव्हर्सिटीची संलग्नता होती. जगभरच्या ॲडव्हेंटिस्ट शाळांत त्या पदवीला किंमत होती. पण पनवेलच्या अनुदानित शाळेत वेतनश्रेणी ठरते ती वेगळ्या कागदांवर. २०१४ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा करून स्पायसरला विद्यापीठाचा दर्जा दिला, आणि जवळजवळ शंभर वर्षांच्या संस्थेला स्वतःच्या नावाने पदवी देता येऊ लागली.

त्याच वर्षी गणेशखिंडीतल्याच दुसऱ्या, कितीतरी मोठ्या विद्यापीठाचे नाव बदलले. पुणे विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. दोन घटनांचा आपसात संबंध नाही. पण शिक्षक होण्यासाठी शिकावे लागते ही गोष्ट महाराष्ट्रात कुठून आली, हे शोधायला गेले की दोन्ही वाटा एकाच दिशेने, मिशनच्या शाळांकडे, जातात.

सिंथिया फरार ही अमेरिकन मराठी मिशनची अविवाहित शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरली. १८३९ पासून तिने अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) मुलींच्या शाळांचे काम केले आणि १८६२ मध्ये तिथेच तिचा शेवट झाला. सावित्रीबाईंचे चरित्रकार नोंदवतात की त्यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण नगरला या फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले. जोतीरावही स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींचा वर्ग सुरू झाला, त्यामागे धाडस होते हे आपण दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, ऐकतो. त्यामागे अध्यापनाचे रीतसर शिक्षणही होते, हे भाषणांत फारसे येत नाही. वास्तविक शिक्षकांच्या मेळाव्यात तेच आधी सांगायला हवे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून चकित करणारी आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवले आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या तो समारंभ पाहायला फिलाडेल्फियाला गेल्या. गेल्या त्या एका समारंभासाठी, पण तिथे फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत त्यांच्या नजरेत भरली आणि त्यांनी किंडरगार्टनचे प्रशिक्षण घेतले. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवली होती, ती वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी लाकडी ठोकळे आणि रंगीत चेंडू घेऊन लहान मुलांना कसे शिकवावे याचे धडे घेत बसली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा ते शिक्षण त्यांच्या पदरी होते. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई जोशी होत्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी १९१६ मध्ये काढलेले महिला विद्यापीठ आज एसएनडीटी म्हणून शिक्षिकांना एम.एड. देते.

पदव्युत्तर शिक्षणाचा सरकारी शिक्का या सगळ्याच्या मानाने उशिरा आला. मुंबई विद्यापीठाने एम.एड. सुरू केली १९३६ मध्ये. मुंबईत जेझुइटांनी १९५३ मध्ये सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन काढली, तीही मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली. म्हणजे मिशनने शिकवायचे आणि पदवी सरकारी विद्यापीठाने द्यायची, ही वाटणी महाराष्ट्रात दीर्घकाळ चालली. स्पायसरचा २०१४ चा कायदा ती वाटणी मोडतो, म्हणून त्याचे महत्त्व विद्यार्थीसंख्येवरून मोजता येणार नाही.

आता खारघरच्या शिक्षकाच्या बाजूने पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, २०१४ च्या नियमांनी एम.एड. एक वर्षाची दोन वर्षांची झाली. चार सत्रे, ८० श्रेयांक, वर्षाला २०० कामाचे दिवस, एका तुकडीत ५० जागा आणि शेवटी लघुशोधप्रबंध. कागदावर उत्तम. पण ज्याच्या डोक्यावर सिडकोच्या घराचा हप्ता आहे, त्याने दोन वर्षे बिनपगारी रजा काढायची कशी? म्हणून बरेच जण शिक्षणशास्त्रात एम.ए. करतात. एम.ए. ही ज्ञानशाखेची पदवी, एम.एड. ही व्यवसायाची, आणि अध्यापक महाविद्यालयातल्या जागांसाठी हा फरक त्यांना जाहिरातीच्या बारीक अक्षरांत गाठतो. विद्यापीठ ख्रिस्ती असो, सरकारी असो की खासगी, प्रवेशाआधी त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला एनसीटीईची मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहावे. विद्यापीठाला मान्यता असणे आणि अभ्यासक्रमाला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यात १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची भर पडली. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होण्यास सांगण्यात आले. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हे लागू आहे का, हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला. मिशनच्या शाळेतला शिक्षक त्यामुळे सध्या अधांतरी आहे. पंधरा वर्षे वर्ग सांभाळलेल्या माणसाला बहुपर्यायी प्रश्नांच्या तयारीला बसवणे आणि त्याच वेळी त्याने एम.एड. करून संशोधन करावे अशी अपेक्षा ठेवणे, यातली विसंगती शिक्षक संघटना बोलून दाखवतात. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही.

तरीही लघुशोधप्रबंध हा भाग असा आहे की परीक्षा त्याची जागा घेऊ शकत नाही. बेलपाड्यासारख्या गावातले मूल घरी आगरी बोलते, शेजारच्या बाकावरचे हिंदी किंवा बंगाली, आणि पुस्तक इंग्रजीत. पहिलीच्या वर्गात या मुलांना वाचायला कसे शिकवावे, याचे तयार उत्तर कोणत्याही विद्यापीठात नाही. ते उत्तर शोधायला लागणारे चाळीस विद्यार्थी मात्र शिक्षकासमोर रोज सकाळी हजर असतात. कुठला शब्द कोण कुठे अडखळून वाचते, याची वही वर्षभर ठेवली की प्रबंधाचे एक प्रकरण तयार होते, आणि तेवढ्यासाठी रजा टाकावी लागत नाही.