आवडीचा विषय आणि आवाक्यातला विषय

खानदेशातले तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशा हे गाव दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. केदारेश्वर-संगमेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांना सहसा माहीत नसते, की 1954-55 मध्ये बी. के. थापर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने इथले टेकाड खणले होते. ताम्रपाषाण काळापासून साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या वस्तीचे थर त्यातून उजेडात आले. याच पट्ट्यातल्या तापीकाठच्या सावळद्याचे नाव तर ताम्रपाषाण काळातल्या एका संस्कृतीला मिळाले आहे. भाषेचेही तसेच. परिसरात अहिराणी, गुजरी, भिली, पावरी कानावर पडतात आणि ग्रिअर्सनने भाषा-सर्वेक्षणाच्या 1907 च्या एका खंडात भिली व खानदेशी बोलींची नोंद केली आहे. म्हणजे पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र या दोन विषयांचा कच्चा माल गावाच्या दारात पडलेला आहे. तरी बारावीनंतर ‘आवडीचा विषय कोणता’ असे विचारले, तर इथल्या मुलाच्या तोंडी हे दोन विषय येण्याचा संभव कमीच. दोष मुलाचा नाही. आवड आधी असते आणि विषय नंतर निवडला जातो, हे आपले गृहीतकच मुळात कच्चे आहे. विषय जवळ आला, कोणी तरी तो नीट शिकवला, चार दिवस त्याच्याशी झटापट झाली, की आवड धरते. खानदेशातल्या उच्च शिक्षणाचा गेल्या शंभर वर्षांचा मागोवा घेतला तर हेच दिसते.

सुरुवात अमळनेरची. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने तिथे 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. ज्या विषयाला बाजारात कवडीची किंमत नाही, असा विषय गिरणीमालकाच्या पैशावर एका तालुक्याच्या गावात शिकवला जाऊ लागला. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ बंगालमधून तिथे आला. कोकणातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने तत्त्वज्ञानाच्या ओढीने अमळनेरला आले आणि 1924 ते 1930 तिथल्या शाळेत शिक्षक राहिले. संस्था होती म्हणून ओढीला पत्ता मिळाला. पुढे 1945 मध्ये अमळनेरलाच प्रताप महाविद्यालय निघाले. त्याआधी खानदेशातल्या मुलाला पदवीसाठी पुणे, मुंबई, बडोदा किंवा नाशिक गाठावे लागे आणि तिथे जाणाऱ्याच्या घरची जमीन किती, यावरच बहुतेक वेळा विषय ठरे.

नंतरच्या दशकांत धुळे, नंदुरबार, शहादा इथे महाविद्यालये आली आणि प्रकाशाच्या मुलामुलींना एस.टी.च्या पासावर पदवी मिळू लागली. हा बदल लहान नव्हे. विशेषतः मुलींसाठी तर संध्याकाळी घरी परतता येणे हीच शिक्षणाची पहिली अट होती. पण बस जिथवर जाई, तिथवरच विषय पोचत. पुणे विद्यापीठाच्या आणि 1990 नंतर जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या अमलात बी.ए.चा विद्यार्थी दुसऱ्या वर्षी ‘स्पेशल’, म्हणजे मुख्य विषय निवडायचा; त्या विषयाचे पेपर जी-टू, एस-वन, एस-टू. ही निवड कशी व्हायची, ते जवळून पाहण्यासारखे आहे. कोणत्या विषयाला मंजूर जागेवरचा प्राध्यापक आहे, कोणत्या विषयाची बॅच भरेल, कोणाच्या नोट्स मिळतील, बी.एड.ला शालेय विषय म्हणून काय चालेल, एवढ्या चाळण्या लागल्या की मराठी, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र अशी चार-पाच नावे उरत. त्यातले एक मुलाला ‘आवडे’. त्याची आवड खोटी नसे, पण ती पाच विषयांतली आवड असे. पुरातत्त्वाचे शिक्षण घ्यायचे तर पुण्याचे डेक्कन कॉलेज, आणि तिथेही प्रवेश पदवीनंतरच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कोरडवाहूच्या, मजुरीच्या घराला आवड परवडत नाही, नोकरी बघून विषय घ्यावा. आक्षेपात दम आहे. पहिल्या पिढीतल्या पदवीधराने तीन वर्षे वाया घालवावीत, असे कोणी सांगू नये. पण नोकरीचा हिशेब तरी कुठे बरोबर निघाला? डी.एड. म्हणजे हमखास मास्तरकी, या भरवशावर गावोगावची हुशार मुले तिकडे वळली. मग भरती आटली, 2013 पासून टीईटीची चाळणी आली, अध्यापक विद्यालयांच्या जागा रिकाम्या पडू लागल्या. 1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, त्यानंतरच्या लाटेचेही पुढे असेच झाले. आजचा बाजार पाहून घेतलेला प्रवेश चार वर्षांनंतरच्या बाजारात विकायचा असतो, हे पपई-मिरचीच्या भावांत होरपळलेल्या शहादा तालुक्याला निराळे सांगायला नको. आवडीत जोखीम आहे, तशी हिशेबातही आहे. फरक एवढाच की हिशेब चुकला तर हाती विषयही राहत नाही.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा. खरी आवड असली की माणूस वाट काढतोच, राजवाड्यांकडे बघा. इतिहाससंशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे परीक्षेची पर्वा न करता स्वतःच्या मनाप्रमाणे वाचत राहिले आणि दप्तरे शोधत आयुष्यभर पायपीट केली. 1926 च्या अखेरीस धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले. हे सगळे खरे असले तरी वाट सापडलेल्यांचीच चरित्रे लिहिली जातात, न सापडलेल्यांची मोजदाद होत नाही. आणि जिद्द अगदी आतूनच येते म्हणावे, तर मानसशास्त्र वेगळे सांगते. पॉल ओकीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आवड ही आत दडलेली असते आणि फक्त सापडायची असते असे मानणाऱ्यांचा कृष्णविवरांच्या चित्रफितीवरचा उत्साह त्याच विषयावरचा अवघड लेख हाती पडताच जास्त ओसरला. आवड घडवावी लागते असे मानणारे तुलनेने टिकून राहिले. मोबाइलवर सगळे विषय दिसतात, या युक्तिवादालाही उत्तर इथेच मिळते. चित्रफीत मोबाइलवर भेटते. अवघड लेखाशी बसायला सोबत शिक्षक लागतो.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द प्रवेश अर्जावर आणले आहेत. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही ही रचना लागू झाली. कागदावर ती चांगली आहे: पहिल्या वर्षी दोन-तीन विषयांची ओळख, मग मेजर पक्का, इतिहास घेणाऱ्याने सोबत भूगोल घ्यावा, जमल्यास आपल्या बोलीवर प्रकल्प करावा. आवड घडायला वेळ देणारी ही पहिलीच रचना म्हणावी लागेल. पण तालुक्याच्या कला महाविद्यालयात जिथे एका विषयाला एकच प्राध्यापक, तिथे ओळख कोण करून देणार? वर्षानुवर्षे रिकाम्या राहणाऱ्या जागा तासिका तत्त्वावर भरल्या जातात, त्या नेमणुका अनेकदा सत्र सुरू झाल्यावर होतात, आणि तोवर मुलांचे मायनर भरून झालेले असतात. प्रकाशाच्या टेकाडाची सहल काढायला एक एस.टी. पुरते. मात्र थापरांनी उघडलेल्या थरांचा अर्थ तिथे उभे राहून सांगणारा माणूस जूनमध्येच रुजू झालेला असायला हवा.