भंगाराच्या पलीकडची गिटार

ब्रायन मे याच्या गिटारची गोष्ट सांगायला घेतली की सांगणारा दुसऱ्या वाक्यातच फायरप्लेसपाशी पोचतो. मोडीत काढलेल्या फायरप्लेसचं लाकूड, जुनं टेबल, मोटारसायकलच्या स्प्रिंगा, आईची विणकामाची सुई, शिवणाच्या डब्यातली बटणं. एवढ्या सामानातून बापलेकांनी घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार केली आणि तीच घेऊन मुलगा 'क्वीन' बँडबरोबर जगभर वाजवत हिंडला. २००२ च्या जूनमध्ये बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवर उभं राहून त्याने वाजवली तीही हीच. गोष्ट खरी आहे. पण तिच्यात भंगाराचं कौतुक इतकं होतं की गिटार बाजूलाच राहते. 'रेड स्पेशल' (हे तिचं नाव) चांगली वाजते ती लाकूड जुनं होतं म्हणून नव्हे. तारेच्या वाटेत घर्षण कुठे होतं आणि ते कसं टाळायचं, याचा विचार दोघांनी फार बारकाईने केला होता म्हणून.

१९६३ चा ऑगस्ट. ब्रायन सोळा वर्षांचा, लंडनच्या पश्चिमेला फेल्टम या उपनगरात राहणारा शाळकरी मुलगा. वडील हॅरल्ड सरकारी विमानवाहतूक खात्यात इलेक्ट्रॉनिक्सचे ड्राफ्ट्समन. पुढे काँकॉर्ड विमान धुक्यात उतरवण्याच्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं. घरातला टीव्हीसुद्धा त्यांनी स्वतः जुळवलेला. अमेरिकन फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर गिटारचं तेव्हा इंग्लंडच्या पोरांना वेड होतं. गायक क्लिफ रिचर्ड याने १९५९ मध्ये अमेरिकेहून एक मागवून आपल्या साथीदाराला, हँक मार्विनला दिली, तेव्हा ती बघायलाच लोक जात. मे कुटुंबाच्या ऐपतीत ती बसत नव्हती. तेव्हा करू या घरीच, असं ठरलं. घरातल्या एका खोलीचा कारखाना झाला आणि काम सुमारे दोन वर्षं चाललं.

नेक, म्हणजे गिटारची लांब मान, महॉगनीची: त्या प्रसिद्ध फायरप्लेसच्या चौकटीची. लाकूड शंभराहून अधिक वर्षांचं, कीड लागून गेलेलं. भोकं आगपेटीच्या काड्यांनी बुजवली. नेक हाताच्या हत्यारांनी घासून आकाराला आणली आणि आत पोलादी सळई बसवली. सहा तारांचा ताण मिळून चाळीसेक किलोच्या घरात जातो. नुसतं लाकूड तो वर्षानुवर्षं सोसत नाही, हळूहळू धनुष्य होतं. फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवर बोटं टेकवायची पट्टी, ओकचा, काळा रंगवून एबनीसारखा दिसेल असा केलेला.

खरी परीक्षा फ्रेट, म्हणजे फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बसवताना. तारेची लांबी २४ इंच, म्हणजे ६०९.६ मिलिमीटर धरली. प्रत्येक फ्रेट उरलेल्या तारेचा १७.८१७ वा भाग कापतो. त्या हिशेबाने पहिला फ्रेट वरच्या टोकापासून ३४.२ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३०४.८ वर. गॅलिलिओचे वडील व्हिन्सेंझो गॅलिली संगीतज्ञ होते. त्यांनी १५८१ च्या ग्रंथात ल्यूटसाठी सोपी रीत दिली, की दर वेळी अठरावा भाग कापा. ती इथे लावली तर बारावा फ्रेट मध्यापासून दोन मिलिमीटरहून अधिक हटतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. सूर जरा इकडेतिकडे वाटला तर वाजवणारा ते बोटाने सरकवतो. गिटारचा फ्रेट एकदा खाचेत ठोकला की ठोकला. म्हणून हौशी माणसाची पहिली गिटार बहुधा फिंगरबोर्डवरच फसते, बॉडीवर नाही. बॉडी वेडीवाकडी झाली तरी ती वाजते.

बॉडीचं फारसं कौतुक करण्यासारखं नाही: टेबलाचा ओक, ब्लॉकबोर्ड, वरून महॉगनीचं व्हिनियर. एक गोष्ट मात्र मुद्दाम केलेली. आत पोकळ कप्पे ठेवले. स्पीकरजवळ उभं राहिलं की स्पीकरचा आवाज लाकूड हलवतो, लाकूड तारेला हलवतं आणि सूर विरायच्या ऐवजी धरून राहतो. हा फीडबॅक त्या काळी बिघाड समजत. ब्रायनला तो हवा होता, पण आपल्या ताब्यात.

आता ट्रेमोलो. बापलेकांचं डोकं इथे दिसतं. ट्रेमोलो म्हणजे तारांचा ताण घटकाभर सैल करून स्वर खाली लोटायची दांडी. दुखणं असं की दांडी सोडली तरी तारा मूळ ताणावर परत येत नाहीत. वरच्या टोकाच्या खाचेत तार घासते, खालच्या टोकाला ज्यावर ती टेकते त्या ब्रिजवर घासते, तिथे केसभर अडकते आणि पुढचा सूर उतरलेला लागतो. तेव्हाच्या महागड्या गिटारींनाही हे चुकलं नव्हतं. मे मंडळींनी तार जिथे जिथे टेकते ती जागाच बदलली. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली चिमुकला रोलर. तार मागेपुढे झाली की रोलर फिरतो, तार घासत नाही. (तार तुटली की तो सुटा रोलर टुणकन उडून स्टेजवर हरवतो, ही त्याची किंमत.) वरच्या टोकाला तारेची उंची खाचेने न ठरवता एका जादा फ्रेटने ठरवली आणि तिथून तारा खुंट्यांकडे शक्य तितक्या सरळ नेल्या. आणि सगळी ट्रेमोलो यंत्रणा पोलादाच्या सुरीसारख्या धारेवर टेकवली. प्रयोगशाळेतला नाजूक तराजू अशाच धारेवर डोलतो. टेकणारी जागा रेघेएवढी, म्हणून घर्षण नगण्य.

तारांच्या ओढीला तोलून धरायला खालून दोन स्प्रिंगा: १९२८ च्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. इथे भंगाराची गोष्ट सांगणारे नेमके हसतात आणि पुढे जातात. व्हॉल्व्हची स्प्रिंग लाखो वेळा दबून तेवढ्याच जोराने परत उसळण्यासाठीच केलेली असते. या कामाला तिच्याहून योग्य वस्तू दुकानातही सहज मिळाली नसती. दांडी सायकलच्या सॅडलबॅगच्या आधाराची, तिच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा. सुईवर लोकांचा जीव जडतो. माझा त्या धारेवर.

पिकअपच्या बाबतीत मात्र घरचं काम पुरं पडलं नाही. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार वर थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व. ब्रायनने बटणाएवढी चुंबकं आणून पिकअप घरीच केले. आवाज चांगला आला. पण चुंबकांची टोकं एकाआड एक उलटसुलट होती, उत्तर, दक्षिण, उत्तर. बोटाने तार आडवी ओढून स्वर चढवला, की ती एका चुंबकावरून उलट्या टोकाच्या शेजाऱ्याकडे सरके आणि मधेच विचित्र खरखर उठे. तार ओढून वाजवणं हाच तर त्याच्या वादनाचा जीव. शेवटी बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक पिकअप विकत आणले. तेही जसेच्या तसे लावले नाहीत. आतले वेढे हलून शिट्टी देऊ नयेत म्हणून त्यांत अराल्डाइट ओतलं.

जोडणीतही बाजारची रीत मोडली. साधारण गिटारवर एक खटका असतो, तो या नाहीतर त्या पिकअपकडे वळतो. इथे प्रत्येक पिकअपला दोन-दोन स्विच: एक चालू-बंद करायला, दुसरा त्याचा फेज, म्हणजे लहरीची दिशा, उलटा करायला. दोन पिकअप उलट्या फेजमध्ये लावले की खालचे जाड स्वर एकमेकांना खातात आणि उरतो तो बोचरा, नाकातला आवाज. क्वीनच्या सुरुवातीच्या अल्बमवर 'यात सिंथेसायझर नाही' अशा अर्थाची ओळ मुद्दाम छापावी लागे, त्यामागे हे स्विच होते, आणि गिटारवर गिटार चढवत रेकॉर्ड करायची ब्रायनची चिकाटी. नखी म्हणून तो सहा पेन्सचं नाणं वापरतो. कातरलेली कड तारेवर किंचित खरखरते.

क्वीनमध्ये या घरगुती खटपटीला चांगलीच सोबत मिळाली. बेस वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. लंडनच्या रस्त्यावर कचऱ्याच्या पेटीत सापडलेल्या सर्किटवरून त्याने १९७२ मध्ये बॅटरीवरचा छोटा अँप्लिफायर केला, आणि रेड स्पेशल त्यात जोडून क्वीनच्या कित्येक रेकॉर्डिंगांत वाजली.  

वडिलांना मात्र हे पुढचं सगळं पटलं नाही. गिटार करायला मदत केली म्हणजे मुलाने खगोलशास्त्राची पीएच.डी. अर्धी टाकून तीच वाजवत बसावं, असा त्याचा अर्थ नव्हता. बराच काळ दोघांत बोलणं नव्हतं. पुढे ब्रायनने आईवडिलांना काँकॉर्डनेच न्यूयॉर्कला नेलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम दाखवला, तेव्हा कुठे हॅरल्ड निवळले. पीएच.डी. त्याने २००७ मध्ये पुरी केली, विषय आंतरग्रहीय धूळ.

आज पुण्यात किंवा ठाण्यात कुणाला घरी गिटार करायची झाली तर चित्र निराळं आहे. फ्रेटच्या खाचा पाडलेला फिंगरबोर्ड, गुंडाळलेले पिकअप, आकार दिलेली बॉडी, सगळं पार्सलने येतं. यात कमीपणा नाही. एडी व्हॅन हेलन याने सत्तरच्या दशकात ५० डॉलरची बॉडी आणि ८० डॉलरची नेक जोडूनच आपली 'फ्रँकेनस्टीन' गिटार उभी केली. आपल्याकडे तर लाकूडही दाराशी आहे: जगभरच्या गिटारींचे फिंगरबोर्ड ज्या इंडियन रोझवुडचे होतात, ते सह्याद्रीतलं शिसवच. ब्राझीलने आपल्या रोझवुडचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केल्यावर, साठीच्या दशकाअखेरीपासून, कारखाने त्याच्याकडे वळले. अडचण पावसाळ्याची. जूनमध्ये चिकटवलेला जोड दिवाळीनंतर लाकूड सुकताना तोंड उघडतो. नेक आणि फिंगरबोर्डचं लाकूड घरात महिनोन्‌महिने मुरू द्यावं आणि जोडकाम कोरड्या दिवसांत करावं हे बरं.

रेड स्पेशलच्या नकलाही बऱ्याच झाल्या. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या गिल्ड कंपनीने काढली, त्यानंतर इतरांनी. बाहेरून हुबेहूब, आत ट्रेमोलो बाजारातला. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे कारागीर ग्रेग फ्रायर यांनी मूळ गिटारची डागडुजी केली आणि तिची बारीक मापं घेऊन तीन प्रती बनवल्या, तेव्हा त्यांनी धारही केली आणि रोलरही. अर्थात तार तुटली की त्या प्रतींचेही रोलर उडतात.