निदानाची मजुरी

सकाळी स्कूटर सुरू केली की सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि थोड्या वेळाने थांबतो. दुसऱ्या एका स्कूटरचा धूर थांबतच नाही, रेस वाढवली की तो आणखी वाढतो. पहिलीत बहुधा व्हॉल्व्हचं ऑइल सील कडक झालेलं असतं. रात्रभरात थोडं ऑइल खाली झिरपतं, सकाळी जळतं आणि संपतं. दुसरीत पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शक्यता जास्त. सील स्वस्तातलं, बोअर-पिस्टनचं काम मात्र हजारोंत जातं. गिऱ्हाइकाला दोन्ही वेळा फक्त धूर दिसतो. ‘इंजिन काम निघालंय’ असं सांगितलं, तर त्याला ते दोन्ही वेळा पटेल.

गल्लीतल्या गॅरेजचा प्रामाणिकपणा इथे ठरतो. बिलातली बेरीज बरोबर असली तरी निदान खोटं असू शकतं.

पुण्यात अशी गॅरेज गल्लोगल्ली उभी राहिली त्याला इतिहास आहे. १९७२ साली बजाज चेतक बाजारात आली. पुढे बराच काळ बुकिंग करून गाडीसाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. एवढ्या प्रतीक्षेने मिळालेली गाडी घरात पिढीभर टिकवायची, हे ओघानेच आलं. तिची बरीचशी कामं पाना, पक्कड आणि स्क्रूड्रायव्हरवर होत: प्लग साफ करणं, क्लचची केबल बदलणं, सायलेन्सरमधला कार्बन काढणं. उस्तादाच्या हाताखाली काही वर्षं काढलेला पोरगा स्वतःचं शटर उघडू शके. सुटे भाग नाना पेठेत मिळत, आजही मिळतात. एकाच ब्रेक लायनरचे ओरिजिनल, लोकल आणि हुबेहूब छापील डबीतले डुप्लिकेट असे तीन भाव तिथे असू शकतात. यांतलं कोणतं बसवलं, हे गिऱ्हाइकाला सांगणारा मिस्त्री मोलाचा.

चांगला मिस्त्री प्लग कसा पाहतो, हे एकदा शेजारी उभं राहून बघावं. टोकाजवळची चिनी माती फिकट तपकिरी असेल, तर पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, किंवा एअर फिल्टर धुळीने तुंबलाय. ओला, तेलकट काळेपणा असेल तर ऑइल वर चढतंय. पांढरट पडला असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे आणि इंजिन तापतंय. नुसता नवा प्लग टाकला तरी गाडी त्या दिवशी सुरू होते. काजळीचं कारण मात्र तसंच राहतं, गाडी काही दिवसांनी परत येते आणि मजुरी दुसऱ्यांदा मिळते. मोह नेमका इथे आहे. तो टाळणारा मिस्त्री जुना प्लग गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो, रंग दाखवतो आणि मग फिल्टर उघडतो.

बॅटरीचंही तसंच. रेस वाढवल्यावर मीटरवर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. आकडा हललाच नाही, तर बिघाड चार्जिंगमध्ये आहे. नवी बॅटरीही उतरेल.

या सचोटीचं अर्थकारण मात्र अवघड आहे. गिऱ्हाईक वस्तूचे पैसे निमूट देतं, डोक्याचे देत नाही. तुटलेली वायर शोधायला तास गेला आणि जोडायला दोन मिनिटं लागली, की ‘एवढ्याचे कसले पैसे?’ असं ऐकावं लागतं. मग कमाई उरते ती सुट्या भागांवरच्या कमिशनची, आणि जितके भाग बदलले तितकी ती जास्त. मिस्त्रीला लबाडीकडे ढकलण्यात आपला, गिऱ्हाइकांचा, वाटा मोठा आहे, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

काही अडथळे वरून येतात. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजपर्यंत पोहोचू न देण्याबद्दलचा तो आदेश होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. वाद चारचाकींचा असला, तरी छोट्या गॅरेजची कोंडी त्यात प्रथमच इतक्या ठळकपणे नोंदली गेली.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या दुचाक्यांमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. फ्युएल इंजेक्शन आलं, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा आला, आणि मिस्त्रीला स्कॅनर घेणं भाग पडलं. स्कॅनर बिघाडाचा कोड दाखवतो, सेन्सरचं नावही सांगतो. पण सेन्सरच गेलाय की कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना गंजल्यात, हे मल्टिमीटर लावल्याशिवाय कळत नाही. कोड वाचून थेट सेन्सर बदलणं आणि धूर बघून थेट इंजिन उघडणं, ही एकाच जातीची चूक.

काही गॅरेज आता तपासणीची फी वेगळी सांगतात आणि काम तिथेच केलं तर ती बिलातून वजा करतात. सुरुवातीला गिऱ्हाईक कुरकुरतं. पण ही फी असेल तरच तासभर गाडी तपासून ‘काही बदलायची गरज नाही, पिना साफ केल्यात, घेऊन जा’ असं सांगणाऱ्या मिस्त्रीच्या गल्ल्यात त्या तासाचे पैसे पडतात.